सोबा सोसत नाही

निवा-सानांनी माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं. सोमवार, सकाळचे सव्वानऊ, चौथ्या मजल्यावर लिफ्टसमोर. थोपटलं आणि म्हणाले, "कुवाबारा-कुन, तुझ्यासाठी एक कोच ठरवल्यात. बाई आहेत, मोठमोठ्या कंपन्यांतल्या लोकांना घडवलंय त्यांनी. मोकळेपणानं बोल." आणि लिफ्टमध्ये शिरले. मी तिथेच. हातातला कागदी पेला कलला, चहा अंगठ्यावरून मनगटापर्यंत गेला, तरी मला पत्ता नाही. आमच्याकडे ऑफिसात ‘खांदा थोपटणं’ याला एकच अर्थ आहे. तुमची वेळ झाली, आता तुम्ही होऊनच राजीनामा द्या, म्हणजे कुणालाच वाईट व्हायला नको. हा शब्द इतका बदनाम झालाय की बत्तीस वर्षांत कुणी कुणाच्या खांद्याला खरोखरचा हात लावलेला मी पाहिला नाही. गर्दीच्या लिफ्टमध्येसुद्धा माणसं अंग चोरून उभी राहतात. आणि निवा-सान म्हणजे कंपनीचे दोन नंबरचे संचालक, शिंकायच्या आधीही विचार करणारा माणूस. त्यांचा हात असा चुकून कसा पडेल? दोनदा कसा चुकून पडेल? माझं आडनाव इथे लोक वीज कडाडली की पुटपुटतात, ‘कुवाबारा, कुवाबारा’, म्हणजे वीज दुसरीकडे पडते म्हणे. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे मला त्या दिवशी कळलं.

मी संशयी आहे, हे मला कुणी सांगायला नको. माझा धंदाच तो. आमची कंपनी पाण्याच्या पाइपांचे व्हॉल्व्ह बनवते आणि मी तपासणी विभागाचा बुचो, म्हणजे प्रमुख. हाताखाली अकरा माणसं. व्हॉल्व्ह बंद करायचा, पाण्याच्या टाकीत बुडवायचा, एका बाजूनं हवा सोडायची आणि बघत बसायचं. चांगला व्हॉल्व्ह काही बोलत नाही. गळका व्हॉल्व्ह बराच वेळ सज्जनासारखा बसतो आणि मग हळूच एक बुडबुडा सोडतो. तो एक बुडबुडा बघायला मी आयुष्य घालवलंय. आमची यासुए, माझी बायको, म्हणते, तुम्ही माझ्याकडेही तसंच बघता, मी मेली काय पाण्यात बसलेय का? त्या संध्याकाळी तिला मी खांद्याचं काही सांगितलं नाही. पाकीट मात्र उघडलं. त्यात मुलीनं बालवाडीत असताना मला दिलेली कुपनं होती, एकच उरलंय. रंगीत खडूनं लिहिलेलं, ‘बाबांचे खांदे थोपटणे, एक वेळ’. इथली सगळी पोरं बापाला असली कुपनं देतात. चिमुकल्या मुठींनी दणादण दहा मिनिटं थोपटायची आणि मध्येच विचारायची, "बरं वाटलं? आता बरं वाटलं?" तिचं लग्न होऊन ती सेंदाईला गेली. एक कुपन मी कशासाठी राखून ठेवलं कोण जाणे. शब्द तोच. घरात एक अर्थ, ऑफिसात दुसरा, आणि मी बत्तीस वर्षं दोन्ही खांदे घेऊन जा-ये करतोय.

कोचबाईंची भेट तीन नंबरच्या खोलीत ठेवली होती, दर दुसऱ्या बुधवारी दोन वाजता. हे तर ठरवूनच केलं असणार, असं मला वाटलं. तीन नंबर म्हणजे चौथ्या मजल्याच्या टोकाची लहान खोली, एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकीत एक रबराचं झाड, ज्याला पाणी कोण घालतं ते कुणालाच माहीत नाही. बारा वर्षांपूर्वी मिझोगुची-सानांना त्याच खोलीत बोलावलं होतं. मिझोगुची-सान तेव्हा बुचो होते, मी त्यांचा मदतनीस. मला कामाला लावलं त्यांनी, बुडबुडा बघायला शिकवलं त्यांनी. "घाई करू नकोस रे. टक लावून बघ. खोटं फार वेळ श्वास धरू शकत नाही," असं म्हणायचे. त्या खोलीतून बाहेर आल्यावर त्यांचं टेबल खिडकीजवळ हलवलं, काम काढून घेतलं, आणि ते नऊ महिने पेन्सिलींना टोकं करत बसले, शेवटी राजीनामा देऊन गेले. त्यांच्याबद्दल मी एरवी विचार करत नाही. खोलीचं दार ढकललं तेव्हा मात्र लाकडी भुशाचा, पेन्सिलीचा वास आला. खरा आला की डोक्यातून आला, सांगता येणार नाही.

कोचबाईंचं नाव हिरामात्सु-सान. पंचेचाळिशीच्या असतील. साधा राखाडी कोट, आखूड केस, आणि टेबलावर काहीच नाही, वही नाही, पेन नाही. हेच मला पहिल्यांदा खटकलं. जो लिहून घेत नाही तो लक्षात ठेवतो. त्या म्हणाल्या, "इथे बोललेलं इथेच राहील, कुवाबारा-सान. कंपनीला मी फक्त एवढंच कळवते की आपण भेटलो." मी म्हटलं, "छान." मनात म्हटलं, सगळे व्हॉल्व्ह असंच म्हणतात. मग त्यांनी विचारलं, "या भेटींतून तुम्हाला काय हवंय?" आता याला काय उत्तर देणार? बत्तीस वर्षांत मला कुणी, काय हवंय, असं विचारलेलं नाही. विचारलं असतं तर मी तब्येत दाखवायला गेलो असतो. मी म्हटलं, "विभागाची प्रगती." त्या गप्प. आमच्याकडे समोरचा बोलत असला की दर चार शब्दांमागे ‘हो हो’, ‘असं का’, ‘खरंय’ म्हणावं लागतं, नाहीतर त्याला वाटतं फोन कटला. या बाई काही म्हणजे काही म्हणत नव्हत्या. नुसत्या बघत होत्या, त्यातही राग नाही, घाई नाही. ते गप्प बसणं मला सोसेना, म्हणून मी आपणहून बोलायला लागलो. आमच्या थायलंडच्या कारखान्याबद्दल बोललो, गुडघ्याबद्दल बोललो, आणि घड्याळात बघितलं तर तीन वाजायला दोन मिनिटं होती. बाहेर आलो तेव्हा घाम फुटला होता. बाईंनी मला टाकीत बुडवलं होतं आणि हवा सोडली होती. मी स्वतःशीच म्हटलं, शाब्बास कुवाबारा, पहिल्याच दिवशी बुडबुडे!

पुढच्या भेटीला मी तयारीनं गेलो. गळती आहे की नाही, हे नुसतं बघून कळत नाही. हवा सोडावी लागते. म्हणून बोलता बोलता मी एक थाप ठेवून दिली. जेवणाखाण्याचा विषय आपणच काढला आणि म्हणालो, "मला सोबा सोसत नाही. खाल्ला की अंगावर गांधी उठतात. कुणाला सांगत नाही मी हे, लाज वाटते." साफ खोटं. सोब्याच्या त्या करड्या शेवया, काळा कढत रस्सा, वर चिरलेली पात, यावर मी जगतो. कामाता स्टेशनातून बाहेर पडलं की कंपनीच्या वाटेवर ओबाता म्हाताऱ्याचा ठेला आहे, उभ्या उभ्या खायचा. तिथे मी वीस वर्षं रोज दुपारी जातो. म्हणजे हे खोटं एकट्या हिरामात्सु-सानांच्या कानात होतं. आता ज्या दिवशी कंपनीतलं कुणी ‘सोसत नाही ना तुला’ म्हणेल, त्या दिवशी गळती पकडली. बाई फक्त म्हणाल्या, "लाज कशाची?" आणि मी दहा मिनिटं माझ्या खोट्या गांधींची खरी लाज समजावून सांगत बसलो.

पण खोटं बोलणाऱ्यालाच ते जगावं लागतं, हे मी विसरलो होतो. बाईंची माणसं कुठे नसतील? ओबाताच्या ठेल्यावर आमच्या कंपनीतली निम्मी टाळकी असतात. दुसऱ्याच दिवशी मी सवयीनं त्या वाटेनं निघालो, रश्शाचा वास आला, आणि पाय थबकले. आत नागासे होती, माझ्या विभागातली माझ्या खालची अधिकारी, अडतिशीची, टाकीपाशी माझ्याहून तीक्ष्ण नजरेची. तिनं हात केला, "बुचो, या ना! जागा आहे!" ओबातानंही मोठा डाव वर करून बोलावलं. मी पोटावर हात ठेवून, तोंड वाईट करून मान हलवली आणि पुढे गेलो. कोपऱ्यावरच्या दुकानातून भाताचा गोळा घेतला आणि बाकावर बसून खाल्ला. असे दोन महिने गेले. हिवाळा आला, वारा बोचायला लागला, रश्शाची वाफ रस्त्यावर यायची आणि मी चोरासारखा समोरच्या फुटपाथनं वास घेत जायचो. यासुए म्हणाली, "वाळलात तुम्ही. काय लपवताय?" मी म्हटलं, "काही नाही." संशयाला माझ्याकडून रोजचं जेवण लागत होतं, आणि मी ते नेमानं घालत होतो.

मात्र एक गोष्ट कबूल केली पाहिजे, चिडून का होईना. त्या बुधवारांची मी वाट बघायला लागलो होतो. हिरामात्सु-सान सल्ला देत नसत, शहाणपण शिकवत नसत. एखादा प्रश्न टाकायच्या आणि बसायच्या. पाचव्या भेटीत त्यांनी विचारलं, "तुम्हाला कुणीतरी सरळ काही विचारलं आणि तुम्ही उत्तर दिलं नाहीत, असं शेवटचं कधी झालं?" मी म्हटलं, आठवत नाही. रबराच्या झाडाचं एक पान पिवळं पडलं होतं, मी त्याच्याकडे बघत राहिलो, आणि सगळं जसंच्या तसं समोर आलं. बारा वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर, हात धुवायच्या बेसिनपाशी मी आणि मिझोगुची-सान, दोघंच. त्यांनी नळ बंद केला आणि आरशातून माझ्याकडे बघत विचारलं, "कुवाबारा, काही ऐकलंयस का?" ऐकलं होतं. आदल्याच दिवशी वरच्यांनी मला सांगितलं होतं, त्यांची जागा तुला, पण जानेवारीपर्यंत तोंड बंद. मी चष्मा काढला. स्वच्छ होता. तरी टायच्या टोकानं पुसला, दोन्ही काचा, आणि म्हणालो, "नाही, काही नाही." त्यांनी मान हलवली. टक लावून बुडबुडा बघणारा तो माणूस, त्याला कळलं नसेल? कळलंच. कळूनही हात पुसून माझ्यासाठी दार धरून उभे राहिले. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर त्यांना तीन महिने मिळाले असते, कुठेतरी दुसरीकडे बघता आलं असतं. पुढे खिडकीपाशी पेन्सिलींना टोकं करताना ते कधी वर बघायचे आणि हसायचे, आणि मी फाइल उघडायचो. हे मी हिरामात्सु-सानांना सांगितलं नाही. "आठवत नाही," असंच परत म्हटलं. पण माझा आवाज बसला होता आणि मला रडू येत होतं, चौपन्न वर्षांच्या घोड्याला. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, तेवढंच.

आणि त्याच आठवड्यात बुडबुडा आला. वर्षअखेरीचं विभागाचं जेवण होतं, दुपारी, कालव्याकाठच्या जुन्या खानावळीत. निवा-सान टेबलाच्या टोकाशी. शेवटी सोबा यायचा रिवाज, तो यायला लागला, करड्या शेवयांच्या चाळण्या एकामागून एक. माझ्यासमोर मात्र वाढणारीनं पांढऱ्या जाड शेवयांचा, उदोनचा वाडगा ठेवला. मी वर बघितलं. निवा-सान लांबून हसत म्हणाले, "मीच सांगितलं त्यांना. तुला सोबा सोसत नाही ना, कुवाबारा-कुन? तब्येत सांभाळ बाबा!" सगळे हसले. नागासे माझ्याकडे न बघता चाळणीत बघत होती. मला आधी आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पकडली! माझी नजर अजून शाबूत आहे! आणि मग तो उदोन तोंडात फिरायला लागला, गिळवेना. म्हणजे गुडघा, थायलंड, यासुएचं बोलणं, पाण्याचा ग्लास, बसलेला आवाज, सगळं तिथे टेबलाच्या टोकाशी पोचलं होतं. मला बाईंचा राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं, कारण मी त्यांच्यावर भरवसा ठेवायला लागलो होतो आणि ते मला तेव्हाच कळलं.

बुधवारी मी खुर्चीवर बसलोसुद्धा नाही. म्हटलं, "सोब्याचं तुम्ही सांगितलंत."

"नाही," हिरामात्सु-सान म्हणाल्या. पहिल्या दिवसानंतर त्यांच्या तोंडून आलेलं पहिलं असं वाक्य, ज्यात प्रश्न नव्हता.

"मी दुसऱ्या कुणालाही बोललो नव्हतो. आणि ते खोटं होतं. मुद्दाम सोडलं होतं, गळती बघायला."

त्यांच्या भुवया वर गेल्या, आणि मग बाई चक्क हसल्या. "म्हणजे दोन महिने तुम्ही सोबा खाल्ला नाहीत? माझ्यामुळे?" हसू थांबवून त्या म्हणाल्या, "मी सांगितलेलं नाही. तुम्ही विश्वास ठेवावा असा माझ्याकडे काही पुरावा नाही. पण ज्यांना माहीत आहे त्यांना तुम्ही विचारलंत का, कुठून कळलं म्हणून?"

"निवा-सानांना? असं थेट?"

त्या गप्प. मी तसाच बाहेर पडलो, दार जरा आपटलंच, आणि रागाच्या भरात एक मजला चढून निवा-सानांच्या खोलीत गेलो. रागात होतो म्हणूनच गेलो, शुद्धीवर असतो तर गेलो नसतो.

"सोब्याचं?" निवा-सान चक्रावले. "अरे, तुझी ती नागासे आली होती. म्हणाली, बुचो दोन महिने ठेल्यासमोरून वास घेत जातात, पोटावर हात ठेवतात, वाळलेत, ओबाता म्हणतो सोबा सोसेनासा झाला. त्यांना काही मोठा आजार तर नाही ना? तुम्ही विचारा, आम्हाला सांगायचे नाहीत. सगळा विभाग काळजीत आहे, म्हणाली. मी म्हटलं, विचारण्यापेक्षा उदोन सांगावा."

अकरा माणसं दोन महिने माझ्याकडे बघत होती, आणि मला वाटत होतं बघायचं काम माझं. बाई खऱ्या होत्या. मी माफी मागून निघायला हवं होतं. पण सरळ प्रश्न एकदा तोंडातून निघाला की दुसराही मागोमाग येतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "निवा-सान, तुम्ही त्या दिवशी माझा खांदा थोपटलात. ते तेच थोपटणं होतं का?"

निवा-सानांनी चष्मा काढला. टायचं टोक घेतलं. एक काच पुसली, मग दुसरी. "नाही रे," ते म्हणाले. "काही नाही."

इथे मी ‘असं का, बरं बरं’ म्हणायचं असतं, वाकून नमस्कार करायचा असतो आणि जायचं असतं. मी काही म्हटलं नाही. उभा राहिलो आणि बघत राहिलो, राग न धरता, घाई न करता, जसं पाच बुधवार माझ्याकडे कुणीतरी बघितलं होतं. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज यायला लागला. निवा-सानांनी चष्मा घातला, पुन्हा काढला. खोटं फार वेळ श्वास धरू शकत नाही.

"मार्चमध्ये," ते म्हणाले, टेबलाकडे बघत. "तपासणी सगळी थायलंडला. तिथे कॅमेरे बघतील, माणसं लागणार नाहीत. इथला विभाग बंद. जानेवारीअखेर सांगायचं ठरलंय. तुझं म्हणशील तर... तू आपणहून विचार करावास, आतून यावं ते, म्हणून कोच. वरच्यांना वाटलं हे जास्त माणुसकीचं."

"हिरामात्सु-सानांना माहीत आहे?"

"छे. सांगितलं असतं तर बाईंनी काम घेतलंच नसतं. तशी अट असते त्यांची." मग ते उठले, माझ्याजवळ आले, हात वर उचलला आणि तसाच मागे घेतला. "कुणाला बोलू नकोस, कुवाबारा-कुन. जानेवारीपर्यंत. तुझ्यापुरतं मी चांगलं करून घेईन, शब्द देतो."

मी खाली आलो. माझा संशय खरा होता आणि मला त्याचा काडीचा आनंद नव्हता. जिन्यात उभा राहून मी आठवून बघितलं, कुणाचं काय आहे ते. कुणाचं घर नवीन, कुणाची आई अंथरुणावर, नागासेचा मुलगा यंदा शाळेत जाणार. जानेवारीपर्यंत तोंड बंद ठेवणं काही अवघड नव्हतं. मला सराव होता. तीन नंबरचं दार अर्धवट उघडं होतं, हिरामात्सु-सान माझी वेळ संपेपर्यंत तिथेच बसून होत्या आणि पाण्याचा ग्लास रबराच्या झाडाला घालत होत्या. त्यांची माफी मागायची होती. पण पाय खालीच गेले, रस्त्यावर, ओबाताच्या ठेल्याकडे.

तीन वाजायला आले होते, गर्दी ओसरली होती. फळीपाशी एकटी नागासे, उशिराचं जेवण. मी तिच्याशेजारी उभा राहिलो आणि म्हटलं, "ओबाता-सान, एक सोबा. पात जास्त."

"बुचो!" नागासेनं काड्या खाली ठेवल्या. "तुम्हाला सोसत नाही ना तो!"

"सोसतो. मी खोटं बोललो होतो."

"दोन महिने?" ती खरोखरच रागावली, डोळे भरून आले तिचे. "आम्ही तुमच्यासाठी देवळातून ताईत आणलाय, माहितेय? तुमच्या खणात ठेवलाय, मागच्या बाजूला. दोन महिने आम्ही काय काय मनात आणलं. हद्द करता तुम्ही!"

ओबातानं वाडगा पुढे सरकवला. मी पहिला घास घेतला, मग लगेच दुसरा, मान वर न काढता. नागासे माझ्याकडे बघत होती, टाकीत बघते तशी, टक लावून. माझा काळवंडलेला चेहरा तिला दिसला असणार. हळूच, ओबाताला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिनं विचारलं, "बुचो, काही ऐकलंय का?"

रश्शाची वाफ चष्म्यावर आली होती. समोरचं काही दिसत नव्हतं, फळी नाही, ठेला नाही, नागासेचा चेहरासुद्धा नाही. माझा हात सवयीनं टायकडे गेला. तिथून मी तो काढून घेतला आणि फळीवर ठेवला.

"हो," मी म्हणालो. "ऐकलंय. सांगतो."